केसभर चढी

फरवानियात, चौथ्या मजल्यावर, रात्री साडेबारा.
अफशीन विचारते, "अब्बा, कायमचा पत्ता काय लिहू?"
मी म्हणतो, बाणकोट लिही.
"तिथं आपण दोन वर्षांतून वीस दिवस असतो."
मग इथला लिही.
"इथला इकाम्यावर आहे, अब्बा. कायमचा कसा?"
रकाना तसाच ठेवून आम्ही पुढं सरकतो.

शाळा पार उत्तरेला. तिथं नदी गोठते म्हणे
आणि पोरं तिच्यावरून चालत क्लासला जातात.
मला गोठणं ठाऊक आहे ते कॉइलवरचं,
गॅस कमी झाला की पांढरं धरतं ते.

फॉर्म म्हणतो, ही परदेशी विद्यार्थिनी.
ती इथंही तीच आहे.
बाणकोटच्या जेटीवर पोरं तिला कुवेतवाली म्हणतात.
एवढी एक खूण करायला जास्तीची फी कशाला, कळत नाही.
आणि फी परत मिळणार नाही, हे ठळक अक्षरात.
आकडा मी मनातल्या मनात कामात मोजतो:
सात सर्व्हिसिंग, एक कॉम्प्रेसर बदली.

गुरूचं नाव. गुरूचं शिक्षण.
आडनाव आमचं सरगुरोह, सरही आले, गुरूही आले,
तरी या रकान्यात भरायला एकच माणूस:
रोडेल. हॉटेलच्या लॉबीत
खजुरांच्या ताटाशेजारी चेलो वाजवायचा.
शुक्रवारी आमच्याकडं जेवायला. सांदणं आवडायची त्याला,
आठ-आठ खायचा, आणि बदल्यात शिकवायचा.
काँट्रॅक्ट संपलं, विमानाला वजन जास्त भरलं,
चेलो इथंच राहिला.
जाताना दारात बूट घालता घालता म्हणाला,
तिसऱ्या तारेकडं लक्ष दे, पोरी,
नेहमी केसभर चढी लावतेस.
का, ते त्यालाही कळलं नव्हतं.

रेकॉर्डिंगची अट: मागं कुठलाही आवाज नको.
म्हणून ऑगस्टातल्या त्या रात्री
मी, एकवीस वर्षांचा एसीवाला,
आपल्याच घरचा एसी बंद केला.
भिंती लगेच तापल्या, जणू वाटच बघत होत्या.
पहिल्या खेपेला लिफ्टचं दार आदळलं.
दुसऱ्या खेपेला तिच्या हनुवटीवरून
घामाचा थेंब लाकडावर पडला आणि गज थांबला.
मग फज्रची अजान. तेवढा वेळ आम्ही दोघं नुसते बसलो.

तिनं फोनवर तारा तपासल्या.
तिसरी चढी. उतरवली.
काटा मधोमध आला, हिरवा झाला,
आणि तिचा चेहरा असा झाला
जसा घरातलं कपाट कुणी हलवून ठेवल्यावर
अंधारात चाचपडताना होतो.
"अब्बा, चालू करा जरा."

मी रिमोट दाबला. गॅलरीतला दीड टनी
खोकला, थरथरला,
आणि आपल्या त्या एका सुरावर जाऊन बसला.
तिनं फोनकडं न बघता खुंटी पिळली.
थोडी वर. अजून थोडी.
खोलीतलं सगळं एकमेकांत बसलं,
चेलो, पत्रा, खिडकीची काच, माझे दात.

म्हणजे एवढी वर्षं ती याच्याशी जुळवून घेत होती.
मी त्याच्या जाळ्या धुतल्या, गॅस भरला,
पायाखालचे रबर बदलले,
पण हा गातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन फाइली झाल्या.
एक शांत, बिनचूक.
एक आमच्या घरातली.
कुठली पाठवली ते अफशीननं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.
पत्त्यात शेवटी काय लिहिलं, तेही नाही.

उत्तर मार्चमध्ये.
तोवर मी गच्च्यांवर. लोक फोन करतात,
मशीन फार आवाज करतंय हो, लवकर या.
जातो. आधी पत्र्याला कान लावतो.
हल्ली पाना काढायला
मला जरा उशीर होतो.